खुर्चीमागची माणसे

रात्री दोन वाजता दाढ ठणकू लागली म्हणजे माणसाला वेदान्त आठवत नाही, लवंग आठवते. लवंगेने भागले नाही की सकाळी गालाला हात लावून तो दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना गाठतो. जुन्या पनवेलच्या आळ्यांपासून कामोठे, खारघर, कळंबोलीच्या सेक्टरांपर्यंत असे दवाखाने आता पावलोपावली आहेत. आपल्या महापालिकेच्या हद्दीत कामोठे आणि खारघर येथे दंतवैद्यक महाविद्यालयेही आहेत. तेव्हा दातांचा डॉक्टर ही आता मुंबईस जाऊन भेटण्याची व्यक्ती राहिलेली नाही.

खुर्चीत बसलेल्या माणसाचे सारे लक्ष स्वतःच्या दाढेकडे असते, आणि ते स्वाभाविकच आहे. हल्ली तो आणखी एक विचार करतो. ही हत्यारे स्वच्छ असतील ना, कोणाचा रोग मला लागणार नाही ना, असे तो मनाशी म्हणतो. हा विचार योग्यच आहे. परंतु त्याच खोलीत आणखी दोन-तीन माणसे असतात. एक डॉक्टर, दुसरी त्यांच्या हाताशी उभी असलेली, जिला आपण 'सिस्टर' म्हणून हाक मारतो ती मुलगी, आणि तिसरी मागच्या मोरीवर ट्रे धुणारी, सायंकाळी फरशी पुसून कचरा बाहेर नेणारी मावशी. आपण वर्षातून एकदा तोंड उघडतो; ही माणसे रोज वीस-पंचवीस तोंडांपुढे उभी राहतात. त्यांना काय लागू शकते आणि ते कसे टाळता येते, हा आजचा आमचा विषय आहे.

तोंडातील वस्ती

1683 साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने आपल्या दातांवरचा पांढरा थर खरवडून स्वतः घडविलेल्या भिंगाखाली पाहिला. त्यात चिमुकले जीव हालचाल करताना दिसले आणि त्याने तसे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. पुढे रॉबर्ट कॉख यांच्या शिकवणुकीत तयार झालेल्या मिलर या दंतवैद्याने 1890 मध्ये मानवी तोंडातील सूक्ष्म जंतूंवर ग्रंथच लिहिला. आज तोंडात आढळणाऱ्या जंतूंच्या सातशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांतील बहुतेक आपले जुने भाडेकरू असून ते निमूटपणे राहतात. त्यांना भिण्याचे कारण नाही.

भीती आहे ती पाहुण्यांची. रक्तातून येणारे हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे विषाणू, छातीतून व घशातून येणारे क्षयाचे जंतू, फ्लू व कोविडचे विषाणू, आणि ओठांवर पुळ्या उठविणारा नागिणीच्या जातीतला हर्पिसचा विषाणू ही त्यांतील प्रमुख मंडळी होत. दाताचे काम म्हटले की लाळ आली आणि बहुधा रक्तही आले. हे पाहुणे डॉक्टरच्या वा मदतनिसाच्या शरीरात चार वाटांनी शिरतात: टोचण्याने, उडण्याने, हवेतून आणि पाण्यातून. एकेक वाट पाहू.

टोचण्याची वाट

दंतवैद्यकात जितकी टोकदार हत्यारे लागतात तितकी फार थोड्या धंद्यांत लागत असतील. बधिर करण्याची सुई, दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेले तपासणीचे आकडे, दाताचे कीटण खरवडण्याची अवजारे, केसाएवढ्या बारीक फाइली आणि फिरणारे बर अशी ही यादी आहे. काम करावयाची जागा मात्र चमच्याएवढी. त्यात रोगी एकदम मान हलवितो, जीभ आडवी घालतो. टोचले तर नवल कसले?

पण येथे एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. पुष्कळदा टोचते ते रोगी खुर्चीत असताना नव्हे, तो उठून गेल्यावर. सुईवर टोपण पुन्हा बसविताना, ट्रे आवरताना, आणि मोरीत हत्यारे घासताना टोचते. म्हणजे डॉक्टरचे काम जेथे संपते तेथे मदतनिसाची जोखीम वाढते.

या वाटेने येणाऱ्यांत सर्वांत चिवट आहे तो हिपॅटायटिस बी, ज्याला आपण ब प्रकारची कावीळ म्हणतो. हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवसपर्यंत जिवंत राहू शकतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली, तर शंभरांत सहापासून तीसपर्यंत माणसांना लागण होऊ शकते. त्याच प्रसंगी हिपॅटायटिस सी ची लागण शंभरांत दोनाहून कमी, आणि एचआयव्हीची हजारात सुमारे तीन. लोक ज्याच्या नावाने घाबरतात तो एचआयव्ही या बाबतीत सर्वांत दुबळा आहे. आणि ज्याचे नावही कोणी काढीत नाही ती कावीळ सर्वांत जबर आहे. आपल्या देशात शंभरांत दोन-चार माणसांच्या रक्तात ती वर्षानुवर्षे मुक्काम करून असते. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो आणि त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. अशा मुक्कामाचा शेवट कधी कधी यकृत आक्रसण्यात वा त्याच्या कर्करोगात होतो.

या विषाणूचा माग ब्लमबर्ग या शास्त्रज्ञाला 1965 च्या सुमारास लागला. त्यापूर्वी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे दंतवैद्य उघड्या हातांनी काम करीत. सर्वसामान्य लोकांपेक्षा त्यांच्या रक्तात ही लागण होऊन गेल्याच्या खुणा कित्येक पटींनी अधिक आढळत. 1981 मध्ये अमेरिकेत पहिली लस मान्य झाली. 1997 मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती आपल्या देशात तयार करून तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आणली. बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात मात्र ही लस साऱ्या देशभर पोहोचावयास 2011 साल उजाडले. याचा अर्थ सरळ आहे. आज पंचवीस-तीस वर्षांची जी मुलगी दवाखान्यात मदतनीस म्हणून उभी आहे, तिला लहानपणी ही लस मिळाली असेल असे धरून चालता येत नाही. पन्नाशीच्या मावशीला तर मिळालेली नाहीच असे समजावे. लशीचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण आले की नाही हे पाहावे लागते, कारण काही थोड्यांना लस लागू पडत नाही. ज्या धंद्यातील सर्वांत मोठ्या जोखमीवर असा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे, त्या धंद्यात एकही माणूस लशीवाचून राहणे हे दैव नव्हे, हेळसांड आहे.

हिपॅटायटिस सी वर लस अजून नाही. मात्र तो आता गोळ्यांनी बहुतांशी बरा होतो, आणि 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतात. अट एवढीच की तो असल्याचे वेळेवर कळले पाहिजे.

उडण्याची आणि हवेची वाट

1957 च्या सुमारास हवेच्या दाबावर फिरणारा वेगवान हँडपीस दंतवैद्यकात आला. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारे हे यंत्र. पूर्वी पायाने चाक मारून दात कोरीत, त्या काळाच्या मानाने ही क्रांतीच होय. रोग्याचा त्रास कमी झाला, काम झटपट होऊ लागले. पण इतक्या वेगाने फिरणाऱ्या बरावर पाणी सोडावे लागते, नाहीतर दात तापेल. आणि ते पाणी लाळ-रक्तासह तुषार होऊन उडते. मोठे थेंब डॉक्टरच्या चेहऱ्यावर, चष्म्यावर, मदतनिसाच्या हातांवर पडतात. बारीक कण धुक्यासारखे हवेत तरंगत राहतात आणि रोगी गेल्यावरही काही काळ खोलीत असतात.

डोळ्यांत असा थेंब उडाला तर तेथूनही लागण होऊ शकते. म्हणून चष्मा किंवा तोंडापुढची पारदर्शक ढाल ही शोभेची वस्तू नव्हे. हातमोजे सर्रास होण्यापूर्वी दंतवैद्यांच्या बोटांच्या टोकांना हर्पिसच्या वेदनादायक पुळ्या येत. ओठावर पुळी असलेल्या रोग्याच्या तोंडात उघडे बोट घातल्याचे ते बक्षीस असे. क्षयाचे जंतू तर हवेचेच प्रवासी. तीन आठवडे खोकणारा माणूस दाढ दाखवावयास येतो आणि अर्धा तास एक हाताच्या अंतरावरून डॉक्टरच्या तोंडावर श्वास सोडतो. साधा कापडी वा कागदी मास्क थेंब अडवितो, परंतु असे सूक्ष्म कण अडविण्यास घट्ट बसणारा एन-95 लागतो. त्याहूनही स्वस्त औषध म्हणजे वाहती हवा. खोली गार करणारा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणीत नाही, आतलीच हवा फिरवितो. खिडकी आणि बाहेर हवा फेकणारा पंखा यांना म्हणूनच पर्याय नाही. तोंडातच तुषार ओढून घेणारी जोरकस सक्शनची नळी आणि दाताभोवती ताणलेला रबराचा पडदा यांनी उडणारे शिंतोडे पुष्कळच कमी होतात.

2020 साली ही वाट साऱ्या जगाला एकदम कळली. 25 मार्चला देश बंद झाला. मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या आणि लाल विभागात केवळ तातडीचे उपचार करण्यास सांगितले. आपले उपजिल्हा रुग्णालय तेव्हा कोविडच्या रोग्यांसाठी राखून ठेवले होते हे पनवेलकर विसरले नसतील. त्या महिन्यांत अनेकांनी दाढेला लवंग लावून दिवस काढले. आज त्या पोशाखांची आठवण विनोदाने काढतात. परंतु तेव्हा जे नवे म्हणून शिकविले गेले त्यातील बहुतेक नियम जुनेच होते. आम्ही ते तेव्हा मनावर घेतले एवढेच.

पाण्याची वाट

दाताच्या खुर्चीतून निघणारे पाणी बारीक नळ्यांतून येते. रात्रभर, रविवारभर ते नळ्यांत साचून राहते. जुन्या माठाच्या आतून जसा बुळबुळीत थर हाताला लागतो, तसा थर या नळ्यांत धरतो आणि त्यात जंतू वाढतात. इटलीत 2011 साली एक वृद्धा न्यूमोनियाने दगावली. तिचा लीजिओनेला जंतू आणि तिच्या दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाण्यातील जंतू एकच निघाला. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातील एका दवाखान्यात लहान मुलांच्या दातांच्या मुळांवर उपचार करताना अशाच पाण्यातून कित्येक मुलांना हट्टी संसर्ग झाला. आपल्या देशात तामिळनाडूतील वाणियंबाडी येथे 2023 मध्ये मेंदूच्या एका जंतुसंसर्गाने दगावलेल्यांपैकी आठ जण एकाच दंत-दवाखान्यात उपचार घेतलेले होते. सलाईनची बाटली निर्जंतुक न केलेल्या हत्याराने उघडून पुन्हा पुन्हा वापरली जात होती, असे 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासात पुढे आले.

ही उदाहरणे रोग्यांची आहेत हे खरे. पण जे तुषार रोग्याच्या तोंडात जातात तेच डॉक्टर आणि मदतनीस दिवसभर नाकाने घेतात. रोग्याची सुरक्षितता आणि सेवकाची सुरक्षितता या एकाच भांड्यातील दोन भाकऱ्या आहेत. एक करपली की दुसरीलाही वास लागतो. उपाय साधा आहे. सकाळी आणि प्रत्येक रोग्यानंतर नळ्यांतून थोडे पाणी सोडून द्यावे, नळ्या ठरावीक काळाने औषधाने धुवाव्यात, आणि शस्त्रक्रियेला निर्जंतुक सलाईनच, दर रोग्यास नवे, वापरावे.

सर्वांना एकच नियम

भारतात 1986 मध्ये चेन्नईत एचआयव्हीची पहिली नोंद झाली आणि दवाखान्यादवाखान्यांत भीती शिरली. त्या भीतीने एक वाईट रीत पाडली. रोग्याला विचारावयाचे, त्याची चाचणी मागावयाची, आणि 'तसा' असला तर कारणे सांगून वाटेला लावावयाचे. ही रीत निर्दय तर आहेच, पण शास्त्राच्या दृष्टीने ती भाबडीही आहे. लागण झाल्यानंतर काही आठवडे चाचणीत काही दिसत नाही. कावीळ अंगात घेऊन हिंडणाऱ्या बहुतेकांना स्वतःलाच ठाऊक नसते. ज्याने खरे सांगितले त्याला हाकलावयाचे आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्या तोंडात निर्धास्त हात घालावयाचा, यात संरक्षण कोणाचे झाले?

म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 1987 मध्ये जो नियम सांगितला, तोच आज जगभर मानला जातो: प्रत्येक रोग्याचे रक्त बाधित आहे असे समजूनच काम करा. नगरशेठ असो, हमाल असो, डॉक्टरची स्वतःची आई असो. हातमोजे तेच, मास्क तोच, हत्यारांची शुद्धी तीच. आमच्या देशात माणसांची शिवाशीव मोडावयास किती आयुष्ये खर्ची पडली! हा नियम त्याच मार्गावरचा आहे. तो माणसाला विटाळ मानीत नाही. तो केवळ रक्त हे रक्त मानतो. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रोग्याला नाकारण्यास बंदी केली, आणि त्याच कायद्याने जोखमीचे काम करणाऱ्यांना साधने, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरचे औषध पुरविण्याचे ओझे संस्थेवर टाकले. रोग्याचा हक्क आणि सेवकाचा हक्क एकाच कायद्यात शेजारी शेजारी बसले आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

येथे सावित्रीबाई फुल्यांची आठवण होते. 1897 च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि 10 मार्च रोजी त्या गेल्या. त्यांच्यापाशी हातमोजे नव्हते, लस नव्हती. त्या महिन्यांत हाफकिन मुंबईत आपल्या लशीचे पहिले प्रयोग करीत होते. सावित्रीबाईंचा तो त्याग होता आणि आपण त्यापुढे नम्र होतो. परंतु साधने उपलब्ध असताना एखाद्या मुलीने नोकरीपायी कावीळ ओढवून घ्यावी, याला त्याग म्हणू नये. त्यागाचे मोठे नाव देऊन आपण पुष्कळदा आपली काटकसर झाकीत असतो.

मागची खोली

आता मागच्या खोलीत जाऊ. रोगी गेला, ट्रे मोरीवर आला. येथे चार पायऱ्या असतात, आणि एकही गाळून चालत नाही. पहिली धुण्याची. पातळ हातमोज्यांनी नव्हे, भांडी घासण्याचे असतात तसे जाड रबरी मोजे घालून, शक्य तर ध्वनिकंपनाच्या भांड्यात टाकून, हाताचा स्पर्श कमीत कमी ठेवून हत्यारे धुवावयाची. दुधाचे पातेले न घासता कितीही उकळले तरी साय चिकटून राहते, तसे रक्त न काढता कितीही तापविले तरी त्याखाली जंतू सुरक्षित राहतात. दुसरी पायरी कोरडे करून पाकिटात बंद करण्याची. तिसरी ऑटोक्लेव्हची. चौथी पाकीट न फोडता कोरड्या जागी ठेवण्याची.

ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या घरच्या कुकरचा थोरला भाऊ. पाश्चरचे सहकारी शांबरलाँ यांनी तो 1879 मध्ये सिद्ध केला. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांवर उकळते आणि तेथेच थांबते. चिवट जंतूंची बीजे त्यात तग धरून राहतात. वाफ कोंडून 15 पौंडांचा दाब दिला की उष्णता 121 अंशांवर जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत ती बीजेही मरतात. हत्यारे 'उकळून घेतो' म्हणणारा दवाखाना म्हणूनच अपुरे काम करतो. निळ्या दिव्याची जी पेटी दिसते ती फार तर स्वच्छ हत्यारे ठेवण्याचे कपाट आहे, निर्जंतुक करण्याचे यंत्र नव्हे. कुकरची शिट्टी झाली म्हणजे डाळ शिजलीच असे नाही, हे गृहिणी जाणतात. त्याचप्रमाणे ऑटोक्लेव्हचेही काम तपासावे लागते. पाकिटावरची पट्टी रंग बदलते ती उष्णता लागल्याची खूण. आणि वेळोवेळी जंतूंच्या बीजांची कुपी आत ठेवून ती मेली की नाही हे पाहणे ही खरी परीक्षा.

हीच गोष्ट कवळीच्या मापाची. तोंडातून काढलेले माप थेट कवळ्या बनविणाऱ्या कारागिराकडे जाते. ते धुऊन, औषधात बुडवून पाठविले नाही, तर ज्याने रोग्याचे तोंडही पाहिले नाही त्याच्या बोटांवर त्या तोंडातील लाळ जाते.

कचऱ्याची वाट

दवाखान्याच्या कचऱ्यासाठी 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. रक्ताचा कापूस व काढलेले दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे व प्लास्टिकच्या नळ्या तांबडीत, सुया व पाती न भेदल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. पाऱ्याच्या चांदीने भरलेला दात मात्र जाळावयाच्या कचऱ्यात टाकू नये, कारण पारा वाफ होऊन हवेत जातो. हा कचरा 48 तासांहून अधिक साठवावयाचा नाही. तो घंटागाडीत जाता उपयोगी नाही. त्याची वेगळी गाडी असते, आणि मान्यताप्राप्त केंद्रात तो नष्ट करावा लागतो. याच नियमांत आणखी एक कलम आहे, ज्याची चर्चा फार कमी होते. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे, वर्षातून एकदा त्याची प्रकृती तपासणे आणि त्याला शिकविणे हे दवाखान्याच्या मालकाचे कर्तव्य आहे. 'प्रत्येकाला' या शब्दात मावशी येते.

टोचले तर

आमच्या पाहण्यातला एक प्रसंग सांगतो. एका दवाखान्यात सायंकाळी ट्रे धुताना मदतनीस मुलीला आकडा टोचला. तिने बोट तोंडात घातले, नळाखाली धरले, वर चिकटपट्टी लावली आणि पुढच्या रोग्याला आत घेतले. चार दिवसांनी डॉक्टरांनी चिकटपट्टी पाहून विचारले, "काय गं, काय लागलं?" ती म्हणाली, "काही नाही सर, विळीनं कापलं." पुढे खरे कळले तेव्हा डॉक्टर रागावले. "अगं, मला तेव्हाच का सांगितलं नाहीस?" ती खाली मान घालून म्हणाली, "धांदरटपणा केला म्हणून काढून टाकाल, असं वाटलं." दैवाने तिला काही झाले नाही. पण चार दिवस उलटून गेले होते, आणि जे औषध द्यावयाचे त्याची मुदत तीनच दिवसांची असते.

ती मुलगी अडाणी नव्हती. तिला भीती होती ती जंतूची नव्हे, पगाराची. म्हणूनच आम्ही म्हणतो की दवाखान्यातील सर्वांत घातक वस्तू सुई नव्हे, लपविलेली सुई.

टोचल्यावर काय करावे हे अवघड नाही. बोट तोंडात घालू नये, जखम पिळू नये, तीवर जळजळीत औषधे ओतू नयेत. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. डोळ्यांत उडाले असेल तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत. लगेच डॉक्टरांना सांगावे आणि वहीत नोंद करावी. ज्याच्या तोंडातील हत्यार होते त्या रोग्याची त्याच्या संमतीने तपासणी करावी. एचआयव्हीचा धोका असेल तर औषध शक्यतो दोन तासांत, आणि कसेही करून 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावे लागते. सरकारी रुग्णालयांतील एआरटी केंद्रांत त्याची सोय असते. काविळीची लस झालेली नसेल तर लस आणि तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, शक्यतो 24 तासांत. या सर्व उपायांचे घड्याळ टोचल्या क्षणापासून चालू होते, पण उपाय सुरू होतात ते पहिल्या शब्दापासून. तो शब्द बोलण्याचे धैर्य मदतनिसाला असावे, यासाठी मालकाने आधीच सांगून ठेवावे लागते: टोचले तर रागावणार नाही, पगार कापणार नाही, खर्च माझा.

1948 च्या दंतवैद्य कायद्याने डॉक्टरांची, दंत-आरोग्यकांची आणि कवळ्या बनविणाऱ्या तंत्रज्ञांची नोंदणी आखली. खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या मदतनिसाला त्या नोंदवहीत जागा नव्हती. अनेक दवाखान्यांत ती पाहून पाहून शिकते. जिचे नाव कोठे नोंदलेले नाही तिची जखमही कोठे नोंदली जात नाही.

आपले काम

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, हे डॉक्टरांचे काम, आम्हाला काय त्याचे? आपलेही काम आहे, आणि ते फारसे जड नाही. खोकला-ताप असेल तर आधी फोन करून सांगावे. तातडी नसेल तर चार दिवसांनी जावे. आपले आजार आणि औषधे लपवू नयेत. दोन रोग्यांच्या मध्ये पंधरा मिनिटे लागली तर घड्याळाकडे बोट दाखवू नये. ती पंधरा मिनिटे आपल्यासाठीच खर्च होत असतात. निर्जंतुकीकरणाचे पैसे बिलात दिसले तर कुरकुरू नये. आणि पाकीट आपल्यासमोर फोडले का, हे जरूर पाहावे. जाता जाता आणखी एक प्रश्न सहज विचारावा: "डॉक्टर, तुमच्या या ताईंनी आणि मावशींनी काविळीची लस घेतली आहे ना?" दहा रोग्यांनी विचारले की अकराव्याच्या आधी लस टोचली जाईल.

शेवटी घरचेच एक. आपल्यापैकी अनेक घरांत मधुमेहासाठी इन्शुलिन घेतले जाते. त्या सुया आपण कोठे टाकतो? पुष्कळदा भाजीच्या देठांबरोबर पिशवीत. सकाळी घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात ती पिशवी जाते. दवाखान्याला आपण जो नियम लावू पाहतो तो आपल्या स्वयंपाकघरालाही लागू आहे. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवाव्यात, झाकण पक्के बसवावे, वर 'सुया' असे लिहावे आणि ती बाटली वेगळी सोपवावी. एवढे आज घरी गेल्यावर केले, तरी एका अनोळखी माणसाचा हात उद्या सकाळी शाबूत राहील.